नेम रात्रीपासून धरा : इंदुरात घरगुती साधना सुरू करणाऱ्यांसाठी

पहाटेच्या साधनेचा नेम मोडायला सुरुवात होते ती आदल्या रात्री. इंदुरात तर हे फारच सोपं आहे. सराफ्यातली दागिन्यांची दुकानं बंद झाली की तिथे खाण्याच्या गाड्या लागतात आणि रात्री एक-दोनपर्यंत हलत नाहीत. पुण्याहून पाहुणे आले की त्यांना भुट्ट्याचा कीस, हिवाळ्यात गराडू म्हणजे तळलेला कंद, वर रबडी असं सगळं खाऊ घातल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. घरी येऊन अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत दीड वाजतो. गजर मात्र चारचा लावलेला असतो, कारण ब्राह्ममुहूर्ताचं महत्त्व कुणीतरी सांगितलेलं असतं. दोन-तीन दिवस हट्टाने निभतात. मग डोकं जड होतं, दिवसभर चिडचिड होते आणि 'हे आपल्याच्याने व्हायचं नाही' असा निकाल माणूस स्वतःच देऊन टाकतो. श्रद्धा बिचारी तशीच असते, झोप तेवढी कमी पडलेली असते.

म्हणून इथे सगळी मांडणी झोप, जेवण आणि शरीर यांना धरून केली आहे. अध्यात्म म्हणजे इथे एवढंच : रोज ठरावीक वेळ नाम, श्वास, वाचन किंवा श्रवण यांपैकी एका गोष्टीला द्यायचा आणि तो वेळ दुसऱ्या कशालाही वापरू द्यायचा नाही. द्वैत-अद्वैताचा वाद नंतर निवांत घालता येईल. देव मानणारे, अर्धवट मानणारे आणि अजिबात न मानणारे, तिघांनाही हे करता येतं.

काय धरायचं

पहिलं काम निवडीचं, आणि सगळ्यात जास्त लोक इथेच घसरतात. मोबाइलवर एक प्रवचन ऐकतात, दुसऱ्याचा प्राणायाम करतात, तिसऱ्याने सांगितलेला मंत्र म्हणतात आणि पंधरा दिवसांनी चौथ्याकडे जातात. पहिले तीन आठवडे एकच मुख्य गोष्ट धरा. बाकीच्या पळून जात नाहीत.

निवडताना आधी घरात काय चालत आलंय ते बघा. इंदूरच्या किती तरी मराठी घरांत नाना महाराज तराणेकरांच्या परंपरेतून संध्याकाळी करुणात्रिपदी, म्हणजे दत्ताची करुणा भाकणारी तीन पदं, म्हटली जाते. लहानपणापासून कानावर पडल्यामुळे तिची तिन्ही पदं अर्धी-अधिक पाठ असतात. असं काही असेल तर तेच धरा. शब्द आठवण्यात शक्ती जात नाही, चाल तोंडात बसलेली असते आणि घरचं कुणी ना कुणी सोबतीला असतं. आजीची जपमाळ कपाटात पडून असेल तर नाम धरा. देवाचं नाव घेताना अवघडल्यासारखं होत असेल तर श्वास मोजा. सतत काहीतरी वाचायची सवय असेल तर वाचन. आणि नुकतंच घरातलं माणूस गेलंय, डोळे मिटून बसलं की भडभडून येतं, अशा अवस्थेत एकट्याने शांत बसण्याचा आग्रह धरू नका. तेव्हा श्रवण बरं, किंवा चार माणसांत बसून भजन.

वेळ : उलटी मोजा

एक मुहूर्त 48 मिनिटांचा. ब्राह्ममुहूर्त सूर्योदयाच्या 96 मिनिटं आधी सुरू होतो आणि 48 मिनिटं आधी संपतो. म्हणजे तो घड्याळाच्या चार वाजण्याला बांधलेला नाही. इंदुरात जूनमध्ये सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो, तेव्हा हा काळ चार ते पाचच्या दरम्यान येतो. जानेवारीत सूर्योदय सात वाजून गेल्यावर होतो, तेव्हा साडेपाच ते सव्वासहा. थंडीत चारला उठून कुडकुडत बसणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

नवख्याने मात्र मुहूर्तापेक्षा झोपेचे सात तास आधी धरावेत आणि तिथून उलटं मोजावं. साडेपाचला उठायचं तर साडेदहाला दिवा बंद. त्यासाठी जेवण आठ-साडेआठला. सध्या साडेसातला उठत असाल तर एकदम दोन तास मागे येऊ नका. दर चार दिवसांनी गजर पंधरा मिनिटं अलीकडे आणा आणि झोपायची वेळही तेवढीच. साधारण महिन्याभरात दोन तासांचा फरक पडतो आणि शरीराला ते कळतसुद्धा नाही.

गजरासाठी साधं घड्याळ घ्या. मोबाइल उशाशी ठेवला की डोळे उघडताच व्हॉट्सअ‍ॅपवरची सुप्रभातं वाचली जातात आणि ठरलेली वीस मिनिटं तिथेच संपतात. मोबाइल रात्री दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावून यायचा, एवढ्या एका गोष्टीने बऱ्याच जणांचा नेम टिकतो.

सुपर कॉरिडॉरच्या बाजूला रात्रपाळी करणारी मुलं विचारतील, आमचं काय? उठाल ती तुमची पहाट, मग ती दुपारी एकला का असेना. उठल्यावर तोंड धुऊन, जेवणाआधी बसा. ज्यांना सकाळी डबे, शाळेची बस आणि पाण्याची वेळ सांभाळायची असते त्यांनी दिवेलागणीची वेळ घ्यावी. सकाळी सहा आणि संध्याकाळी सात यांत कमी-जास्त काही नाही. रोज तीच वेळ असली म्हणजे झालं. पोटभर जेवल्यावर मात्र दोन-अडीच तास तरी जाऊ द्या. पोहे-जिलबी खाऊन ध्यानाला बसलं की ती डुलकीच असते, समाधी नव्हे. चहासुद्धा बसून झाल्यावर. रिकाम्या पोटी पित्त खवळत असेल तर अर्धी वाटी कोमट दूध किंवा दोन खजूर चालतात.

सराफ्याला जायचंच नाही का? जा, पण वार ठरवून जा. शनिवारी रात्री जाणार असाल तर रविवारचा नेम संध्याकाळचा, आणि तो आधीच ठरलेला. अपवादाला जागा करून दिली की नेम मोडला असं वाटत नाही.

जागा आणि बैठक

तीन फूट बाय तीन फूट जागा पुरते. देवघरासमोर बसता आलं तर उत्तम, पण स्वयंपाकघरातल्या देवघरासमोर कुकरच्या शिट्ट्या होत असतील तर खोलीचा एखादा कोपरा घ्या. दाराकडे पाठ करून बसू नका. मागून कुणीतरी येईल या शंकेने मान आणि खांदे आखडतात, आणि ते आपल्या लक्षातही येत नाही.

उदबत्तीबद्दल थोडं स्पष्ट. बंद खोलीत दोन-तीन उदबत्त्या लावून खोल श्वास घेणं हे फुप्फुसांना चांगलं नाही, दम्याच्या माणसाला तर मुळीच नाही. वास हवाच असेल तर बसण्याआधी एक लावा, विझवा, खिडकी उघडा आणि मग बसा. निरांजन किंवा समई पुरेशी आहे, फक्त पडद्यापासून दोन-तीन फूट लांब.

आता बैठक. मांडी घातल्यावर गुडघे कमरेच्या वर राहत असतील तर पाठीला बाक येणारच. पाच मिनिटांत कंबर भरते आणि दोष ध्यानावर जातो. जाड चादर किंवा घोंगडी घडी घालून चार ते सहा इंच उंच करा आणि तिच्या पुढच्या कडेवर बसा. सगळं बूड घडीवर टेकवायचं नाही, पुढचा निम्मा भाग पुरे. असं बसलं की ओटीपोट किंचित पुढे येतं, गुडघे खाली जातात आणि पाठ आपोआप उभी राहते. एक गुडघा जमिनीपासून अधांतरी राहत असेल तर त्याच्याखाली टॉवेलची गुंडाळी द्या. पद्मासनाचा हट्ट नको. घोटे आणि गुडघे तयार नसताना पाय ओढून वर चढवले तर मार गुडघ्याच्या गादीला बसतो आणि ते दुखणं वर्षानुवर्षं पुरतं.

गुडघेदुखी असलेल्यांनी सरळ खुर्ची घ्यावी. बैठक साधारण सतरा-अठरा इंच उंच, हात नसलेली, दोन्ही तळवे जमिनीला टेकलेले. पाय पोचत नसतील तर खाली पाट. पाठ खुर्चीला न टेकता बसता आलं तर बरं, नाहीतर कमरेमागे लहान उशी. खुर्चीवर बसून केलेला जप कमी पोचतो असं कुठेही लिहिलेलं नाही.

पायाला मुंग्या येतात तेव्हा 'रक्त थांबलं' असं आपण म्हणतो. खरं म्हणजे बहुतेक वेळा नस, म्हणजे मज्जातंतू, दबलेली असते. थोडं हलून बसा, पाय बदला, त्यात साधनेचा भंग होत नाही. पण पाय बधिर असताना झटक्यात उठू नका. पाय लांब करून मिनिटभर पावलं हलवा, मग उठा. वयस्कर माणसं अशी पडतात आणि खुब्याचं हाड मोडून बसतात.

श्वास

नाम धरलं असेल तरी सुरुवातीची तीन-चार मिनिटं श्वासाला द्यावीत. नुकतं उठलेलं किंवा धावपळीतून आलेलं शरीर त्याने जागेवर येतं. सोपी रीत मोजण्याची. श्वास नेहमीसारखा येऊ-जाऊ द्या आणि प्रत्येक उच्छ्वासाला एक आकडा : एक, दोन, असं दहापर्यंत. मग पुन्हा एक. मधेच सोसायटीच्या मेंटेनन्सचा विचार आला आणि आकडा चुकला, तर सहा की सात हे आठवत बसायचं नाही, एकपासून सुरू. पहिल्या आठवड्यात बरेच जण चारच्या पुढे जात नाहीत. चुकलो हे कळणं आणि परत येणं, हाच या व्यायामाचा सगळा भाग आहे. दहापर्यंत यांत्रिकपणे पोचणाऱ्यापेक्षा तीनवर चुकून परत येणाऱ्याचं काम जास्त झालेलं असतं.

अनुलोम-विलोम करायचा असेल तर उजव्या हाताचा अंगठा उजव्या नाकपुडीला, अनामिका डाव्या नाकपुडीला. उजवी बंद करून डावीने श्वास घ्या, डावी बंद करून उजवीने सोडा. मग उजवीने घ्या आणि डावीने सोडा. हे एक आवर्तन. घेताना मनात चार मोजा, सोडताना सहा. श्वास घेताना नाडी किंचित वेगाने चालते आणि सोडताना संथ होते, म्हणून सोडणं लांबवलं की शरीर लवकर निवतं. नऊ आवर्तनं पुरेत. श्वास रोखून धरणं, म्हणजे कुंभक, नवख्याने करूच नये. नाकपुडी दाबायची नाही, नुसतं बोट टेकवायचं. सर्दीने नाक चोंदलं असेल तर त्या दिवशी अनुलोम-विलोम सोडून नुसतं मोजणं करा.

कपालभाती आणि भस्त्रिका हे जोराचे प्रकार आहेत. रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, फिट्स किंवा गर्भारपण असेल तर ते व्हिडिओ बघून करू नयेत. श्वास मोजताना गरगरलं, बोटांना मुंग्या आल्या तर तुम्ही नकळत जोरजोरात श्वास घेताय असं समजा. थांबा, डोळे उघडा, श्वास त्याच्या गतीने चालू द्या.

नाम आणि माळ

मराठी घरातल्या माणसाला सगळ्यात लवकर रुजतं ते नाम, कारण त्याला काही लागत नाही. तरी माळ असली की हाताला काम मिळतं आणि मन थोडं कमी भटकतं.

माळ घेताना 108 मणी आणि वर मेरुमणी, म्हणजे माळेच्या टोकाचा वेगळा मणी, हे मोजून घ्या. बाजारात कमी-जास्त मण्यांच्या माळाही मिळतात. मणी सात-आठ मिलिमीटरचे असावेत. त्याहून बारीक मणी अंगठ्याखाली दोन-दोन सरकतात. दोन मण्यांमध्ये गाठ आहे ना ते पाहा, गाठ नसलेल्या माळेत हिशेब हमखास चुकतो. तुळशीची माळ हलकी, वारकरी घरात तीच. रुद्राक्ष पंचमुखी सहज मिळतो, त्यासाठी हजारो रुपये मोजायची गरज नसते. गळ्यात घालायची माळ आणि जपाची माळ वेगळी ठेवा. घामाने आणि आंघोळीच्या पाण्याने दोरा कुजतो आणि मणी ऐन जपात विखुरतात.

माळ उजव्या हाताच्या मधल्या बोटावर ठेवायची आणि अंगठ्याने एकेक मणी आपल्याकडे ओढायचा. तर्जनी बाजूला. मेरुमण्याशी आलात की तो ओलांडायचा नाही, माळ फिरवून उलट दिशेने परत यायचं. हात छातीशी धरून दमत असेल तर मांडीवर टेकवा. गोमुखी, म्हणजे माळ आत धरायची कापडी पिशवी, वापरली तर माळ जमिनीला लागत नाही आणि किती झाली हे दर मिनिटाला बघायचा मोहही होत नाही.

माळ नसेल तर बोटांची पेरं आहेतच. अनामिकेच्या मधल्या पेरापासून सुरू करा, मग तिचं खालचं पेर, करंगळीची खालचं-मधलं-वरचं, अनामिकेचं वरचं, मधल्या बोटाचं वरचं आणि शेवटी तर्जनीची वरून खाली तिन्ही. झाले दहा. मधल्या बोटाची उरलेली दोन पेरं मेरू म्हणून सोडायची. दहाचा आकडा डाव्या हातावर ठेवत गेलं की सिटी बसमध्येही शंभर होतात आणि शेजारच्याला कळत नाही.

वेळेचा अंदाज घ्या म्हणजे अवाच्या सवा संकल्प होणार नाही. 'ॐ नमः शिवाय' सावकाश म्हणायला दोन सेकंद लागतात, तर माळ साडेतीन-पावणेचार मिनिटांत होते. 'श्रीराम जय राम जय जय राम' या तेरा अक्षरांना चार सेकंद धरली तर सव्वासात मिनिटं. म्हणजे रोज अकरा माळांचा संकल्प सोडणाऱ्याने सव्वा तास बाजूला काढलेला असतो, आणि हे त्याला तिसऱ्या दिवशी उमगतं. एक माळ, तीन आठवडे, एवढंच धरा.

म्हणायचं कसं, तर पहिल्या आठवड्यात मोठ्याने, स्वतःच्या कानाला ऐकू येईल इतकं. दुसऱ्यात ओठ हलतील पण आवाज बाहेर पडणार नाही असं. याला उपांशु म्हणतात. मनातला जप सर्वांत वरचा मानलेला असला तरी नवखा माणूस तिथून सुरुवात करतो तेव्हा माळ फिरत राहते आणि नाम कधीच थांबलेलं असतं. झोप यायला लागली की पुन्हा मोठ्याने म्हणा. अक्षरं गिळली जात असतील तर वेग जास्त झालाय. आणि टीव्हीवर मालिका चालू असताना केलेला जप हा मालिकेत धरावा.

ज्या घरांत पाळीच्या दिवसांत देवघराशी जात नाहीत तिथे बायकांचा नेम दर महिन्याला तुटतो आणि मग 'माझं काही सलग होत नाही' अशी खंत राहते. मानसजप, श्वास आणि वाचन यांना बहुतेक परंपरांत तशी आडकाठी नाही. देवघर मानायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं, पण दुसऱ्या खोलीत बसून वेळ पाळता येतेच. सुतकातही तसंच.

वाचन आणि श्रवण

वाचनाचा हिशेब सोपा आहे. मनाचे श्लोक 205 : रोज पाच घेतले तर 41 दिवस. दासबोधाचे वीस दशक, प्रत्येकी दहा समास, रोज एक घेतला तर दोनशे दिवस. ज्ञानेश्वरीच्या सुमारे नऊ हजार ओव्या. रोज पंचवीस घेतल्या की वर्ष लागतं आणि लागू द्यावं. सार्थ प्रत घ्या. एकदा मोठ्याने मूळ, एकदा अर्थ, आणि एक ओवी चिठ्ठीवर उतरवून खिशात. दुपारी एकदा ती चिठ्ठी काढून वाचायची. सात दिवसांचं गुरुचरित्र पारायण हे पहिलं पाऊल म्हणून घेऊ नका. त्याला सोवळ्या-ओवळ्याचे, आहाराचे नियम आहेत, रोज काही तास बैठक लागते, आणि अर्धवट राहिलं तर मनाला उगाच भीती लागते.

श्रवणाच्या बाबतीत माळव्यातला माणूस भाग्यवान. कुमार गंधर्व 1948 साली क्षयाच्या आजारपणात हवापालटासाठी देवासला आले आणि तिथेच राहिले. नाथपंथी गायकांकडून तिथे कानावर पडलेली निर्गुणी भजनं त्यांनी पुढे जी गायली, ती आपल्याकडे बहुतेक घरांत आहेत. पण ती गाडी चालवताना मागे लावून ठेवणं वेगळं. एकच भजन घ्या, दिवा मंद करा, हात रिकामे ठेवा, पूर्ण ऐका. संपल्यावर तेवढाच वेळ नुसते बसा. लगेच पुढचं लावायचं नाही. आठवडाभर तेच भजन. तिसऱ्या-चौथ्या दिवशी शब्द उघडायला लागतात. यूट्यूबवर ऐकत असाल तर आधी आपोआप पुढचं लागण्याची सोय बंद करा, नाहीतर 'उड़ जाएगा' संपताच रंगाची जाहिरात सुरू होते.

पहिले तीन आठवडे

पहिला आठवडा दहा मिनिटांचा : तीन मिनिटं श्वास, पाच मिनिटं तुमची मुख्य गोष्ट, दोन मिनिटं काहीही न करता बसणं. दुसऱ्यात मुख्य गोष्ट दहा मिनिटं करा. तिसऱ्यात एकूण वीस. यापुढे निदान दोन महिने वाढवू नका, कितीही उत्साह आला तरी. उत्साहाच्या भरात तासभर बसलेला माणूस पुढच्या आठवड्यात दिसत नाही, हा भजनी मंडळांचा जुना अनुभव आहे.

एक साधी वही ठेवा. रोज चार गोष्टी : रात्री झोपलो किती वाजता, बसलो किती वाजता, किती मिनिटं, आणि दिवसभरात चिडलो किती वेळा. अनुभव, रंग, प्रकाश वगैरे लिहू नका. ते लिहायला लागलं की ते यावेत अशी ओढ लागते. पंधरा दिवसांनी वही चाळा. बसणं चुकलेल्या दिवसांसमोर आदल्या रात्रीची झोपेची वेळ बघा. बहुतेकांना उत्तर तिथेच सापडतं.

दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करायचं नाही, नेहमीएवढंच. लागोपाठ दोन दिवस मात्र चुकू द्यायचे नाहीत. प्रवासात, लग्नघरात, इस्पितळात रुग्णाजवळ बसलेले असाल तर तीन मिनिटं श्वास मोजला तरी वहीत खूण करा.

उपवास, औषधं आणि निर्माल्य

एकादशीला उपवास करायचा तर तो पोटाला विसावा देणारा असू द्या. वरून फराळी मिक्श्चर आणि लिंबू मारलेली सराफ्यातली साबूदाणा खिचडी दोन प्लेट खाणं ही चैन आहे. खुशाल करावी, पण तिला उपवास म्हणू नये. साबूदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, मधुमेहात साखर झटकन चढते. त्यापेक्षा राजगिरा, भगर-ताक, फळ, दूध. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय जेवण टाळू नका. गोळी घेतली आणि जेवण नाही, तर साखर एकदम उतरते : घाम, थरथर, भोवळ, असंबद्ध बोलणं. अशा वेळी उपवास तिथेच सोडायचा, तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता इस्पितळ गाठायचं.

रक्तदाबाची, थायरॉइडची, मानसिक आजाराची कोणतीही गोळी साधना चालू केली म्हणून बंद करू नका. शांत वाटायला लागलं तरी नाही. ती कमी करायची की नाही हे मोजमाप बघून डॉक्टर ठरवतील.

फुलांचं निर्माल्य कान्ह नदीत सोडायचं नाही. दोरा, चमकी, प्लास्टिक काढून फुलं ओल्या कचऱ्याच्या डब्यात. किंवा तळाला भोक असलेल्या कुंडीत फुलांचा थर, मातीचा थर असं रचत गेलं की दोन-तीन महिन्यांत तुळशीला खत. कापराची राख आणि तेलकट वाती त्यात नकोत.

घराबाहेर

महिना-दीड महिना घरी जमलं की एक दिवस बाहेर काढावा. नर्मदा परिक्रमेच्या गप्पा सगळेच मारतात. त्याआधी ओंकारेश्वरची पर्वत-परिक्रमा करून बघा : इंदूरहून सुमारे ऐंशी किलोमीटर, परिक्रमेची वाट सुमारे सात. निवांत चाललं तर अडीच-तीन तास. सूर्योदयालाच सुरू करा. उन्हाळ्यात नऊनंतर फरशी आणि दगड इतके तापतात की अनवाणी माणसाच्या पायाला फोड येतात. जाड सुती मोजे जवळ असू द्या. एक लिटर पाणी, टोपी. खाण्याची पिशवी हातात दिसू देऊ नका, माकडं हिसकावतात. श्रावणी सोमवार, महाशिवरात्र आणि अमावास्या टाळा, गर्दीत मौन होत नाही. चालताना बोलायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. दोघं-तिघं बरोबर असाल तर शेवटी भेटायची जागा आधीच ठरवा.

इंदूरजवळ गोम्मटगिरीच्या बाजूला विपश्यना या ध्यानपद्धतीचं केंद्र आहे. तिथलं पहिलं शिबिर दहा दिवसांचं, येण्या-जाण्याचे धरून बारा. पहाटे चारला घंटा, दिवसाला सुमारे दहा तास बैठक, दहाव्या दिवसापर्यंत मौन, मोबाइल आणि पुस्तकं जमा, दुपारनंतर जेवण नाही. राहण्या-जेवण्याचे पैसे घेत नाहीत. शिबिर पूर्ण केल्यावर इच्छा असेल तर दान. रोज वीस मिनिटं बसायची सवय नसताना तिथे गेलेली माणसं तिसऱ्या दिवशी पाठीने आणि मनाने मोडतात. सहा महिने घरी बसा, मग अर्ज करा. पूर्वी नैराश्य, फिट्स किंवा इतर मानसिक आजार झाला असेल तर अर्जात स्पष्ट लिहा, लपवू नका.

गुरू लगेच भेटलाच पाहिजे अशी घाई नको. कुणी मंत्रासाठी रक्कम सांगत असेल, औषध बंद करायला लावत असेल, घरच्यांपासून गुप्त ठेवायला सांगत असेल किंवा एकट्या बाईला वेळी-अवेळी बोलवत असेल, तर तिथून उठावं. शंका विचारली की रागावणारा हाही त्यातलाच.

थांबायचं कधी

डोळे मिटले की छातीत धडधड, जुन्या घटना डोळ्यांपुढे येणं, रात्र-रात्र झोप न लागणं, आवाज ऐकू येणं, आपल्याला काही विशेष शक्ती मिळाली असं वाटणं. यांतलं काही दिसलं तर बैठक बंद करा. याला साधनेतली प्रगती म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. चाला, जेवा, माणसांत राहा, आणि डॉक्टरांना भेटा. केंद्र सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस फोनसेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास फुकट आहे आणि मराठी-हिंदीत बोलता येतं. जीव नकोसा वाटण्याचे विचार येत असतील तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता फोन करा आणि घरातल्या एकाला तरी सांगा.

सगळं सुरळीत चाललं तर पहिला मोठा नेम चातुर्मासाचा धरावा : आषाढ शुद्ध एकादशी ते कार्तिक शुद्ध एकादशी. आपल्या आज्या कांदा-लसूण सोडत, कुणी गादी सोडत. तुम्ही रात्री दहानंतरचा मोबाइल सोडा आणि एका माळेच्या दोन करा. दुसरी माळ संध्याकाळी घेतलीत तरी चालेल. कार्तिकीला वही उघडून बघा, आणि गराडूचा मोसम तेव्हा सुरू झालेला असतोच. शनिवार गाठून सराफ्यात जा.